एकोणीस नापास गोधड्या

३ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
निवृत्त होऊन दोन वर्षं आणि एक महिना झाला. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर. माझी नुसती चाहूल लागली तरी बाजारातले तराजू सरळ व्हायचे. आता बेकरीवाल्या काकू बिस्किटं मुठीने देतात आणि वर माझ्याकडे बघून हसतात.
पण आजपासून नवा अध्याय. टेकडीवरच्या बालगृहात वीस मुलं आहेत. इमारत जुनी, खिडक्यांच्या फटींतून वारा घरच्यासारखा ये-जा करतो. तिथल्या मेट्रनबाई हिला (ही म्हणजे बायको) म्हणाल्या, की थंडीआधी प्रत्येक मुलाला एकेक गोधडी मिळाली तर फार बरं होईल. ही, बेकरीवाल्या काकू, पोस्टातल्या बाई आणि शाळेतून रिटायर झालेल्या हेडबाई, अशा चौघींनी कंबर कसली आहे. जुन्या कपड्यांच्या, हाताने शिवलेल्या. मुदत १५ डिसेंबर.
मीही शिवणार. पाच. किमान.
हिला सांगितलं. म्हणाली, आधी शर्टाचं बटण लावून दाखवा. दुर्लक्ष केलं.

४ ऑक्टोबर
तक्ता तयार केला. तीन रंगांत. फ्रिजवर लावला. पाच गोधड्या, दहा आठवडे. दोन आठवड्यांना एक. हातचा मळ आहे.

६ ऑक्टोबर, दुपारी
साहित्य गोळा केलं. सुया, दोरा, कात्री, बोटात घालायची लोखंडी टोपी. आणि अर्थात माझा टेप. या टेपने मी किती कापडवाल्यांना घाम फोडला आहे! मध्यंतरी त्याचं टोक पार उसवलं होतं. हिने तेवढं कापून, नवीन कड झकास शिवून दिली. तेव्हा काहीतरी सांगतही होती, मी पेपर वाचत होतो. गुणी आहे.
मेट्रनबाईंकडून माप आलं. लांबी दीडशे सेंटिमीटर. सगळ्यात उंच मुलगी एकशे सेहेचाळीस, त्यावर चार सेंटिमीटर. वा! याला म्हणतात शास्त्रशुद्ध विचार. बाईंनी खात्यात यायला हवं होतं.

९ ऑक्टोबर
ऑफिसच्या जुन्या तपकिरी पँटी कापल्या. सहा. ही म्हणाली, खिसे आधी उसवून काढा. मी म्हणालो, खिशाला दुहेरी कापड असतं, गोधडी मजबूत होईल. तिने कपाळावर हात मारला. पटलं असावं.
मोजताना माझी पद्धत: शेवटचा आकडा बघायचा, झालं. लोक उगाच सुरुवातीचं टोक न्याहाळत बसतात. शून्य काय बघायचं, शून्य हे शून्यच असतं.

१० ऑक्टोबर
ज्या टाक्याने गोधडी शिवतात त्याला धावदोरा म्हणतात. त्यामुळे भरभर घातला. बोटं: चार जखमी.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
सलग दोन तास शिवलं. मांडी दुखून आली तरी उठलो नाही. एकाग्रता म्हणजे काय ते आज कळलं.
६.१०
उठलो. सोफ्याचं कव्हर बरोबर उठलं. सगळे थर आणि कव्हर एकत्र शिवले गेलेत. पक्के शिवले गेलेत, हे मात्र नोंदवण्यासारखं.

१३ ऑक्टोबर
दिवसभर उसवत होतो. सोफा मध्ये मध्ये येतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
या चौघी दर गुरुवारी बेकरीच्या वरच्या खोलीत बसून शिवतात. खाली भट्टी, त्यामुळे वर कसं छान ऊबदार. आज मीही गेलो. मदत करायला काकूंची गोधडी हातात घेतली. पांढऱ्या तुकड्यावर माझ्या बोटाचं रक्त लागलं. काकूंनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. मग चौघींची काहीतरी कुजबुज झाली आणि ही म्हणाली, तुम्ही शिवण्यात कशाला वेळ घालवता, तुम्ही तपासा. हेडबाई लगेच म्हणाल्या, अगदी बरोबर, इन्स्पेक्टर हवाच. पोस्टातल्या बाईंनी मला दाराजवळची, सगळ्यांपासून लांबची खुर्ची दिली.
बघा! गुण कुठे लपून राहत नाहीत. दोन वर्षांनी पुन्हा पदावर.

१८ ऑक्टोबर
शिक्के करून आणले. एक ‘तपासले: पास’, दुसरा ‘तपासले: नापास’. शाई खास कापडावरची. दुकानदार म्हणाला, साहेब, कापड फाटेल पण ही शाई जाणार नाही. म्हणालो, मला असाच माल हवा. त्याने सावधपणे विचारलं, नक्की ना? मी फक्त हसलो. माणसं ओळखायला शिकलं पाहिजे त्याने.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
पहिली तपासणी. तीन गोधड्या. पोस्टातल्या बाईंची: एकशे त्रेपन्न. हिची: एकशे त्रेपन्न. काकूंची: एकशे त्रेपन्न. मी एक सेंटिमीटर माफ करायला तयार होतो, एवढं माझं मन मोठं आहे. पण तीन? तिन्ही नापास. कोपऱ्यात शिक्का मारला. ठसा सुरेख उठला.
पोस्टातल्या बाई म्हणाल्या, मी घरच्या टेपने तीनदा मोजलीय हो. आयुष्यभर प्रत्येक दुकानदार मला हेच सांगत आला.
हेडबाई म्हणाल्या, तीन सेंटिमीटर जास्तच आहे ना, पोराच्या पायाला टोचणार आहे का? त्यांना समजावलं की प्रश्न तीन सेंटिमीटरचा नाही, तत्त्वाचा आहे. आज तीन, उद्या तीस.
काकूंचा चेहरा पडला. शिस्त लागायची तर थोडं कडू लागणारच.
नापास माल घरी आणला. माझ्या कपाटात, कुलपात. जास्तीचा भाग कापून, पुन्हा शिवून, पुनर्तपासणीला ठेवायचा, असा नियम केला. त्या हो हो म्हणाल्या. एकीनेही कात्री मागितली नाही.

२४ ऑक्टोबर
माझी गोधडी क्रमांक एक: सोफ्यापासून पूर्ण मुक्त. फ्रिजवरच्या तक्त्यात पाचाच्या जागी तीन केले. तपासणीचा बोजा वाढलाय.

३० ऑक्टोबर
आणखी चार. एकशे त्रेपन्न, एकशे त्रेपन्न, एकशे त्रेपन्न, एकशे त्रेपन्न. नापास.
एक गोष्ट लक्षात आली आणि अंगावर काटा आला. चार वेगवेगळ्या बायका, चार घरं, चार कात्र्या, आणि चूक सगळ्यांची नेमकी तीन सेंटिमीटर! हा योगायोग नव्हे. ही गटबाजी आहे. माझी परीक्षा बघताहेत.

६ नोव्हेंबर
आणखी तीन. तेच. मी शिक्का मारला. पोस्टातल्या बाईंना शिक्क्याचा आवाज पाठ झालाय, ‘ठप्प’ त्याच आधी म्हणतात. मग चौघी खो खो हसतात. तणावाखाली माणूस असा हसतो.
माझ्या गोधड्या: तिनाच्या दोन केल्या. दर्जा की संख्या, असा प्रश्न होता.

१४ नोव्हेंबर
लेकीचा फोन. आईने सगळं सांगितलेलं दिसतंय. म्हणत होती, बाबा, सगळ्यांचं माप सारखंच चुकतंय तर तुमचा टेप एकदा तपासून बघा ना. मी विचारलं, टेप कोण तपासणार? म्हणाली, दुसरा टेप. मी तिला सांगितलं की ज्या टेपसमोर बाजार चळचळा कापायचा त्याला शेंबड्या टेपाशेजारी उभं करणार नाही. ती बरं म्हणाली आणि आईला फोन द्यायला सांगितलं. मग दोघी बराच वेळ हसत होत्या. मायलेकींचं छान जमतं.

२० नोव्हेंबर
पाच नापास. एकूण पंधरा. कपाटाचं दार गुडघ्याने ढकलून बंद करावं लागतं.
माझ्याबद्दल: एक. पण आदर्श. इतरांना नमुना म्हणून एकच पुरते. तक्ता फ्रिजवरून काढला, तसाही मॅग्नेट सैल झाला होता.

२१ नोव्हेंबर
ही विचारत होती, १५ डिसेंबरला पोरांना काय देणार, तुमचा शिक्का पांघरायला देणार का? मी म्हणालो, अजून चोवीस दिवस आहेत. तिने कपाटाकडे बघितलं. मी किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली.

४ डिसेंबर, गुरुवार
शेवटच्या चार. नापास. चौघींच्या मिळून एकोणीस, एकोणीसच्या एकोणीस नापास. विसावी माझी, ती होतेच आहे.
आज हवा एकदम पालटली. येताना कान दुखले. दोन स्वेटर घातले.

५ डिसेंबर, दुपारी २
हाडं गोठवणारी थंडी. जेवून आडवा झालो, झोप येईना. कपाटातून एक नापास गोधडी काढली, उबेची चाचणी घ्यायला. काकूंची, रक्ताचा डाग असलेली.
दु. ४.३०
चाचणी अडीच तास चालली. ऊब समाधानकारक. लांबी मात्र जास्त.
जाग आली तेव्हा ही पलंगाशेजारी उभी होती. माझ्याकडे बघत होती. म्हणाली, तिकडे पोरं कुडकुडताहेत, आणि तुम्ही त्यांची गोधडी पांघरून घोरताय. मी म्हणालो, चाचणी होती. ती वळून स्वयंपाकघरात निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर
ही बोलत नाही. चहा समोर आदळते. जेवण वाढते तेही आदळून. नियम पाळणारा माणूस एकटा पडतो, हे मला नवीन नाही. पण घरात पहिल्यांदाच पडलो. करमत नाही.

७ डिसेंबर
सकाळी केस कापायला गेलो. परत येऊन बघतो तर कपाट रिकामं! कुलूप शाबूत, किल्ली काल काढलेल्या शर्टाच्या खिशात, शर्ट धुवायच्या बादलीत. आत फक्त नॅप्थॅलीनच्या दोन गोळ्या.
आधी वाटलं, चोरी झाली. मग उलगडा झाला. नेल्या असणार दुरुस्तीला! मुदत जवळ आली तशी तळमळ जागी झाली. हिला विचारलं, नेल्या का? म्हणाली, नेल्या. दोन दिवसांतला पहिला शब्द. कुठे नेल्या ते मी विचारलं नाही. कार्यकर्त्यांवर विश्वास टाकावा लागतो.

१२ डिसेंबर, सकाळी ११.२०
झाली! माझी गोधडी झाली! मुदतीच्या तीन दिवस आधी!
तपकिरी. मधोमध खिसा. (शिवताना तोंड बंद करायचं राहिलं. हात जातो आत.) टाके थोडे डोंगराळ. पण लांबी मोजली: दीडशे. एकशे पन्नास पूर्णांक शून्य. ‘पास’चा शिक्का दोन महिने नुसताच पडून होता, आज पहिल्यांदा उघडला.
ही बघत होती. म्हणाली, चांगली झालीय हो. आणि दुपारी ती घेऊन टेकडीवर गेली. बोलायला लागली हे विसाव्या गोधडीपेक्षा मोठं यश. हे कुणाला दाखवायचं नाही म्हणून लिहितोय.

१७ डिसेंबर
बालगृहातून निरोप. मेट्रनबाईंनी मला परवा बोलावलंय. शिक्केवाल्या काकांना मुद्दाम घेऊन या, असं म्हणाल्या म्हणे.
सत्कार! दुसरं काय असणार?

१८ डिसेंबर
भाषण लिहिलं. विषय: ‘अचूकता आणि बालपण’. नऊ मिनिटं. आरशासमोर बारा झाली. कोट काढला, ब्रश मारला. टेप आणि शिक्के बरोबर नेणार, मुलांना प्रात्यक्षिक दाखवीन.

१९ डिसेंबर, संध्याकाळी
जसं झालं तसं लिहितो.
ही आणि मी चढ चढून गेलो. मेट्रनबाई दारातच होत्या. हार नव्हता. खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. त्या सरळ झोपायच्या खोलीत घेऊन गेल्या.
वीस पलंग. वीस गोधड्या. आणि एकोणीस गोधड्यांच्या कोपऱ्यात माझा ठसठशीत, सुरेख, न जाणारा शिक्का: नापास. नापास. नापास. नापास.
म्हणजे दुरुस्तीला नव्हत्या नेल्या. हिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.
मी मेट्रनबाईंना म्हणालो, माफ करा, मुलांना वाईट वाटलं असेल. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी मलाही तीच भीती होती, पण झालं उलटंच. पोरांनी नापास गँग काढली. एकोणीस मेंबर. खिडकीशी बसायचं गँगने, गोष्ट पहिली ऐकायची गँगने. ज्याच्या गोधडीवर ‘पास’ त्याला प्रवेश नाही. आणि ‘पास’ सगळ्या बालगृहात एकच. ती त्यांनी सगळ्यात उंच मुलीला दिली होती, कारण तिलाच पुरं माप लागतं आणि ही गोधडी तर इन्स्पेक्टरने स्वतः पास केलेली.
पुढे त्या सहज म्हणाल्या, देवासारख्या आल्या हो गोधड्या. थंडी पडली तेव्हा तीन रात्री पोरं दोघं-दोघं एका पलंगावर झोपत होती.
चार, पाच, सहा डिसेंबर. एकोणीस गोधड्या माझ्या कपाटात होत्या. आणि त्यातली एक माझ्या अंगावर. भाषणाचा कागद खिशात चुरगळला.
ती मुलगी कोपऱ्यातल्या पलंगावर बसली होती. मुलं तिला जिराफ म्हणतात. रडून डोळे लाल. मला म्हणाली, मला नापास करा.
मी म्हणालो, बाळ, तुझी गोधडी आदर्श आहे. ती म्हणाली, आदर्श असू दे, पाय बाहेर राहतात. म्हणालो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ती म्हणाली, हे अंथरूण नाही, पांघरूण आहे. मेट्रनबाईंना खोकला आला.
मी म्हणालो, गोधडी दीडशे आहे, म्हणजे तूच वाढली असशील. तिचा चेहरा कसानुसा झाला. आधीच जिराफ म्हणतात तिला. मी टेप काढला, तिला भिंतीला उभी केली. एकशे एकोणपन्नास. म्हणालो, बघ, तीन सेंटिमीटर वाढलीस.
तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग एकदम थांबली. दाराच्या चौकटीकडे गेली. तिथे सगळ्या मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत, शेजारी लाकडी पट्टी ठोकलेली. पाठ लावून उभी राहिली. एका छोट्याने स्टुलावर चढून बघितलं आणि ओरडून आकडा सांगितला. एकशे सेहेचाळीस. तिने माझ्या हातातून टेप घेतला, टोक बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मी नाही वाढले, काकांचा टेप खोटा आहे! हा तीनपासूनच सुरू होतो!
चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. हिने शिवलेली सुरेख कड, आणि तिच्या लगेच पुढे आकडा: तीन.
ही हळूच म्हणाली, टोक कापलं तेव्हाच मी सांगितलं होतं, तीन सेंटिमीटर गेले म्हणून. तुम्ही पेपरमागून हं म्हणालात.
म्हणजे त्या एकोणीस दीडशेच होत्या. अगदी दीडशे. आणि माझी, एकटी माझी, एकशे सत्तेचाळीस. खोट्या मापाबद्दल मी आयुष्यभर लोकांना दंड केला. आज बालगृहात, वीस मुलांसमोर, स्वतः सापडलो. लाज वाटली. तोंड लपवायला जागा नव्हती, गोधड्या होत्या पण त्या मुलांच्या होत्या.
म्हणालो, बाळ, दे ती गोधडी, तुला दुसरी आणून देतो. तिने ती छातीशी घट्ट धरली. म्हणाली, देणार नाही, हिला खिसा आहे. अख्ख्या खोलीत खिसावाली गोधडी फक्त तिची. आत तिने एक पेन्सिल, दोन बटणं आणि कुणाचं तरी पत्र ठेवलंय. फक्त शिक्का बदलून द्या, म्हणाली.
शिक्का काढला. ‘पास’वर आडवी रेघ ओढली, शेजारी ‘नापास’ मारला. ठप्प. अख्खी खोली ओरडली. गँगचे मेंबर वीस झाले. तिने गोधडी डोक्यावरून घेतली आणि पाय बाहेर काढून बोटं नाचवून दाखवली.
मग शिक्का मागितला. टेपवर मारायचा होता तिला, खोटं माप आहे म्हणून. टेप अरुंद, शिक्का मावेना. मग तिने जरा विचार केला आणि म्हणाली, काका, हात पुढे करा.

२० डिसेंबर, सकाळी ९
गोधडीला लावायला पट्टी कापायला घेतली. तीन सेंटिमीटर. हिने तिचा टेप दिला. नंतर म्हणाली, सहा कापा, पोरगी वाढतेय. सहा कापली.
साबण लावला. रॉकेल लावलं. लिंबू, मीठ, दगड. बेकरीवाल्या काकूंनी बिस्किटं देताना मनगटावरचं वाचलं आणि एक बिस्कीट जास्त टाकलं.
दुकानदार खरं बोलला होता. शाई जात नाही.